माझा हितसंबंध लिहून घ्या

मी आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर. हे मी नम्रतेनं सांगत नाही. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या बुकं आहेत त्यांनी नम्रता दाखवावी, त्यांना ती परवडते. माझ्या बापानं आयुष्यभर कागदावर अंगठा उठवला. मी बी.एस्सी. झालो, रसायनशास्त्र घेऊन झालो. मी परभणीला कॉलेजात होतो तेव्हाच नामांतराच्या ठरावावरून मराठवाडा पेटला. वसतिगृह बंद झालं, आणि गावाकडं जावं तर तिथं आमच्या वस्तीतली घरं जळालेली. तरी परीक्षा दिली आणि पास झालो. पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं जुनंच नाव आहे. तो कागद मी तरीही जपून ठेवलाय, कारण तो मला कुणी दिलेला नाही, मी मिळवलाय.

पुढं हायस्कूलला विज्ञानाचा मास्तर झालो. त्यानंतर जे घडलं त्यावरून गावातले काही जण म्हणायचे, "मास्तर, शिक्षण तुमच्या डोक्यात गेलंय." गेलंय की! डोक्यातच जायला पाहिजे. दुसरीकडं कुठं जाणार?

तर गोष्ट आहे पाण्याची.

गावाची मोठी विहीर देवळाजवळ होती. आमची वेगळी, ओढ्याच्या काठाला. ती माझ्या आज्यानं आणि त्याच्या भावबंदांनी दिवसा लोकांच्या रानात राबून, उरल्या वेळात स्वतःच्या हातानं खणलेली. दगडही त्यांनीच बांधला. दंगलीनंतर गावानं आमच्यावर बहिष्कार घातला. पिठाची गिरणी बंद, किराणा बंद, रोजगार बंद. पण पाण्यावाचून आमचं अडलं नाही. माय म्हणायची, "दुकान त्येंचं, गिरणी त्येंची. हिर आपली हाय." वस्ती टिकली ती त्या विहिरीवर. बाहेरच्या माणसाला ती नुसती विहीर दिसेल. आम्हाला ती दिसायची ती अशी, की काही झालं तरी कुणाच्या पायरीशी घागर घेऊन उभं राहायची वेळ येणार नाही.

ओढ्याच्या वरच्या अंगाला साखर कारखाना होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. आमच्या भागात नुसतं 'कारखाना' म्हटलं तरी भागायचं. कारखान्यानं साखरेच्या जोडीला मळीपासून स्पिरिट काढायचा प्रकल्प टाकला आणि त्याचं उरलेलं पाणी ओढ्यात सोडायला सुरुवात केली. पहिल्या हंगामात ओढा कोऱ्या चहासारखा झाला. दुसऱ्या हंगामात मासे उताणे झाले. मग ते पाणी पाझरून आमच्या विहिरीत उतरलं. डाळ शिजेना. तोंडाशी तांब्या नेला की आंबूस वास यायचा. लहान लेकरांच्या अंगावर खरूज उठली. मी शाळेत मुलांना पाण्याचे गुणधर्म शिकवायचो, रंगहीन, गंधहीन, चवहीन. आमच्या वस्तीतली पोरं एकमेकांकडं बघून हसायची.

त्याच सुमारास जिल्ह्यात पाण्यावर देखरेख ठेवायला एक समिती नेमली गेली. कारखान्यांनी पाणी कुठं सोडायचं, त्यांना संमती द्यायची की नाही, याची शिफारस ही समिती करणार. शिफारस नसेल तर संमती नाही, असा नियम. समितीत मागासवर्गातला एक शिकलेला माणूस घ्यायचा होता. अध्यक्षांनी माझं नाव सुचवलं.

हे अध्यक्ष आमच्याच गावचे. गावातला सगळ्यात जास्त ऊस त्यांचा. माझी माय त्यांच्या रानात खुरपायला जायची आणि मी लहानपणापासून त्यांना 'मालक' म्हणत आलेलो. त्यांनी माझं नाव का दिलं ते मला कळत होतं. शिकलेला आहे, म्हणजे कागदावर शोभतो. आपल्या गावचा आहे, म्हणजे ऐकतो. मी जायचं ठरवलं, आणि आणखी एक ठरवलं. समितीत त्यांना 'मालक' म्हणायचं नाही. 'अध्यक्ष' म्हणायचं.

मायला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती.

"कमिटीत काय करत्यात?"

"पाण्याचं बघतात. कुणी पाणी नासवत असेल तर त्याला आडवतात."

"मंग लय लांब जाऊ नको. आपल्याच हिरीचं बघ."

धाकटा भाऊ भिंतीला टेकून बसला होता. तो कारखान्यात हंगामी कामाला होता, गव्हाणीवर. म्हणजे उसाच्या मोळ्या यंत्राच्या तोंडात लोटायचं काम. तो म्हणाला, "दादा, तिथं जाऊन लय बोलू नको हां. हंगामाचं बोलावणं यायचंय मला."

"बोलायलाच चाललोय," मी म्हणालो.

"मंग झालं," तो म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

समितीची बैठक कुठं भरायची? कारखान्याच्या विश्रामगृहात. तशी पद्धतच पडली होती. एस.टी. स्टँडवर कारखान्याची जीप यायची, सदस्यांना घेऊन जायची. आधी जेवण, मग सभा, मग पान. दिवाळीला सदस्यांच्या घरी साखरेचं पोतं पोचायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, हे नीट समजून घ्या. लाच म्हणून कुणी ते देत नव्हतं की घेत नव्हतं. पाहुणा आला तर जेवू घालायचं, सणाला गोडाचं पाठवायचं, हा आमच्याकडचा रिवाजच. ज्याला गैर वाटतं तो माणूसघाणा.

मी जीपमध्ये बसलो नाही. एस.टी.नं फाट्यावर उतरलो आणि चालत गेलो. धोतराच्या फडक्यात मायनं दिलेली ज्वारीची भाकरी आणि ठेचा. विश्रामगृहात टेबलावर मटणाचा रस्सा वाफाळत होता. माझ्याखेरीज चौघं होते. अध्यक्ष, परभणीचे एक वकील, उसाच्या ट्रकांचा ठेका असलेले एक गृहस्थ, आणि समितीचे सचिव. सचिव म्हणजे कोकणातून बदली होऊन आलेला तरणा सरकारी अधिकारी. त्याला आमचा रस्सा झेपत नव्हता, सारखं नाक पुसायला लागला होता.

"या मास्तर, बसा," अध्यक्ष म्हणाले.

"मी भाकरी आणलीय. तुमचं होऊ द्या."

सगळे थांबले. ट्रकवाल्यांनी अध्यक्षांकडं पाहिलं. मग ट्रकवाल्यांच्याच ध्यानात काहीतरी आल्यासारखं झालं आणि ते एकदम प्रेमानं म्हणाले, "मास्तर, आमच्यात काय भेद न्हाई बघा. ताट बी तेच, गिलास बी तोच. बघा, उचलून बघा."

अध्यक्षांनी वाढप्याला हाक मारली. "अरे, मास्तरला पयलं वाढ. माझ्या आधी वाढ. बघू दे की समद्यांना."

त्यांना खरंच वाटलं की मी शिवाशिवीच्या रागानं जेवत नाही. त्यांच्या डोक्यात माझ्या रागाला तेवढं एकच कारण होतं. मी म्हणालो, "अध्यक्ष, ताट वेगळं मांडलं असतं तर मी इथंच भांडलो असतो. ताट एक आहे, म्हणून तर जेवत नाही. ज्याच्या पाण्याचा निकाल द्यायचा त्याचंच मटण खाऊन हात कुठं धुवायचे?"

"बेशीन हाय की मागं," ट्रकवाले म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

मी ओसरीत जाऊन भाकरी खाल्ली. आतून वकिलांचा आवाज आला, "आपण आत बोलावलं होतं बरं का सचिवसाहेब. बाहेर ते त्यांच्या मर्जीनं बसलेत."

ठेचा तिखट होता. मी शेवटचा घास खाऊन, बोटं चाटून आत गेलो.

सभा सुरू झाली. विषय एकच. येत्या गळीत हंगामात स्पिरिट प्रकल्पाचं पाणी ओढ्यात सोडायला संमती द्यावी, असा कारखान्याचा अर्ज. सचिवांनी अर्ज वाचून दाखवला. अध्यक्ष दात कोरत होते. वाचन संपायच्या आत म्हणाले, "मंजूर. एकमतानं लिहा. आन् च्या सांगा."

"माझं मत घेतलं नाही," मी म्हणालो.

"मास्तर, एकमत म्हणल्यावर तुमचं बी आलंच की त्यात."

"नाही आलं. माझा विरोध आहे. ओढ्याखालच्या वस्तीची विहीर या पाण्यानं नासलीय."

तेव्हा वकिलांनी चष्मा लावला. त्यांनी समितीच्या नियमांचं पुस्तक सोबत आणलं होतं आणि हवं ते पान आधीच दुमडून ठेवलं होतं. त्यांनी वाचलं, "ज्या सदस्याचा चर्चेच्या विषयात वैयक्तिक हितसंबंध असेल, त्यानं तो जाहीर करावा, आणि त्या विषयाच्या चर्चेत व निर्णयात भाग घेऊ नये." पुस्तक मिटून ते माझ्याकडं बघून गोड हसले. "मास्तरांचं घर त्याच वस्तीत आहे. विहीर त्यांच्याच घरच्यांची. म्हणजे त्यांचा हितसंबंध सरळ आहे. माझी विनंती आहे की त्यांनी हा विषय होईपर्यंत बाहेर बसावं."

बाहेर बसावं.

हे शब्द आमच्या सात पिढ्यांनी ऐकलेले. माझ्या बापाला चावडीवर हेच सांगायचे, शाळेत मलाही एका गुरुजींनी हेच सांगितलेलं. पण या वेळेला ते नियमाच्या पुस्तकातून आले होते. खरं सांगतो, क्षणभर मी चकित झालो. ज्याचं पाणी नासलं त्याचा हितसंबंध, आणि ज्यांनी नासवलं त्यांचा काहीच नाही! माझं डोकं तापलं. पण मी विज्ञान शिकलेला माणूस. नियम एकाला लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही, तर तो नियमच नव्हे, एवढं मला कळत होतं.

मी उभा राहिलो.

"सचिवसाहेब, वकीलसाहेब बरोबर बोलले. माझा हितसंबंध आहे. लिहून घ्या. माझी माय त्या विहिरीचं पाणी पिते. माझी लेकरं पितात. ती विहीर माझ्या आज्यानं खणलेली आहे. पूर्ण लिहा."

सचिव लिहायला लागले.

"आणखी एक. माझा सख्खा भाऊ याच कारखान्यात हंगामी कामगार आहे, गव्हाणीवर. कारखाना चालला तर माझ्या घरात पगार येतो. हाही माझा हितसंबंध. तोही लिहा."

हे कुणी विचारलं नव्हतं. वकिलांनीसुद्धा मान वर केली. पण अर्धा हितसंबंध सांगायचा आणि अर्धा झाकायचा, तर मग त्यांना बोलायला मला तोंड राहिलं नसतं.

"झालं माझं," मी म्हणालो. "आता बाहेर जातो. पण जायच्या आधी बाकीच्यांचंही होऊ द्या. अध्यक्षांपासून."

अध्यक्ष हसले. "आमचा कसला आलाय हितसंबंध? कारखाना काय कुण्या शेटजीचा हाय का? सहकारी हाय, समद्या तालुक्याचा हाय. माझ्या एकट्याचं काय हाय त्यात?"

ते खोटं बोलत नव्हते. हे मला तिथं उभ्या उभ्या उमगलं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. कारखाना सगळ्यांचा, म्हणून त्यात कुणाचाच वेगळा हितसंबंध नाही. या 'सगळ्यांत' आम्ही नाही, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. कारखान्याचा सभासद व्हायला ऊस लागतो. उसाला जमीन लागते. आमच्या वस्तीतल्या लोकांचे हात त्या उसाला लागत होते, नाव लागत नव्हतं.

भांडून उपयोग नव्हता. पण मी त्यांच्याच गावात वाढलेलो. आमच्याकडच्या मोठ्या माणसाला काय सहन होत नाही, ते मला ठाऊक होतं.

"म्हणजे कारखान्यात तुमचं काहीच नाही म्हणायचं?" मी विचारलं. "गावात तर लोक म्हणतात, तुमच्या शब्दाबिगर तिथं बॉयलर पेटत नाही. उगाच म्हणतात मग."

अध्यक्षांच्या हातातली काडी थांबली.

"काहीच न्हाई? कोण म्हणलं काहीच न्हाई?"

"तुम्हीच म्हणालात आत्ता."

"ओ मास्तर, ह्या कारखान्याचा पयला दगड माझ्या बापानं ठिवलाय! आमच्या घरात समदे सभासद हायेत, सुना धरून! थोरला संचालक हाय. दरसाल तोड सुरू हुती ती माझ्या रानातनं, मग बाकीच्यांची. आन् तुमी मला काहीच न्हाई म्हणायलाव?"

"अध्यक्षसाहेब," वकील घाईनं म्हणाले, "त्याची काही गरज नाही इथं."

"का न्हाई गरज? लिव्हा वो सचिवसाहेब! आमाला काय कुणाचं भ्या हाय का?"

आता ट्रकवाल्यांना गप्प बसणं अवघड झालं. अध्यक्षांचं लिहिलं गेलं आणि आपलं राहिलं, हे त्यांच्या इभ्रतीला बरं दिसेना. ते म्हणाले, "आन् समद्या उसाची वाहतूक माझ्याकडं हाय, ते बी लिव्हा. माझ्या गाड्या थांबल्या तर गव्हाण कोरडी पडती." मग मोठ्या मनानं त्यांनी वकिलांच्या पाठीवर थाप मारली. "वकीलसाहेबांचं राहायलंय बघा. कारखान्याचे समदे दावे ह्येंच्याकडंच असतेत. पार हायकोर्टापर्यंत. लय हुशार माणूस!"

वकिलांनी डोळे मिटून घेतले.

सचिवानं सगळं लिहिलं. सभेत बोललं गेलेलं लिहायचं, एवढंच त्याला शिकवलेलं होतं आणि त्यानं तेवढंच केलं. लिहून झाल्यावर तो वहीकडं बघतच राहिला. मग नाक पुसून हळूच म्हणाला, "वकीलसाहेब, आपण आत्ता जो नियम वाचलात, त्याप्रमाणे मग सगळ्यांनीच बाहेर बसायला पाहिजे."

अध्यक्षांनी काडी खाली ठेवली.

"म्हंजे?" अध्यक्षांनी विचारलं.

"म्हणजे निर्णय घ्यायला कुणीच उरत नाही. सभा होऊ शकत नाही. शिफारस देता येणार नाही. वर तसं कळवावं लागेल."

आम्ही सगळे ओसरीत आलो. नियमानं उठावं लागलं होतं, त्यामुळं सगळेच उठले. आत सचिव एकटा आणि चहाचे भरलेले कप. बाहेर अध्यक्ष, वकील, ट्रकवाले आणि मी, एका रांगेत उभे. बाहेर बसायची रीत त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना सारखी लागू झाली. त्याचा मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही, आणि आजही लपवत नाही.

अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. आत मी 'मास्तर' होतो, 'तुमी' होतो. बाहेर त्यांचा सूर गावातला झाला.

"काय केलंस रे हे? माझ्याच तोंडानं मला बाहेर काढलंस?"

"मी माझं सांगितलं. तुमचं तुम्ही सांगितलं."

"मी तुझं नाव दिलं हुतं कमिटीत. माझ्या शब्दावर आलास तू."

"माझ्या पदवीवर आलो, अध्यक्ष."

त्यांनी मान हलवली आणि जीपमध्ये जाऊन बसले. मी फाट्यावर चालत आलो. बस उशिरा आली.

घरी भाऊ वाट बघत होता. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"माझं नाव कशाला घेतलंस? विचारलं हुतं का कुणी?"

"घ्यायलाच पाहिजे होतं."

"तुझं सरकारी काम हाय, दादा. तुझा पगार महिन्याला यायलाय. आता मला कोण बोलावणार?"

त्याचं बरोबर होतं, आणि तरीही मी चुकलो असं मला वाटलं नाही. तसं मी त्याला सांगितलं. त्यानं माझ्याशी बोलणंच सोडलं. दसऱ्याच्या पुढं हंगामी कामगारांना बोलावणी गेली. आमच्या दारावरून बोलावण्याच्या चिठ्ठ्या वाटणारा कारखान्याचा चिटबॉय सायकलवर पुढं गेला, थांबला नाही. मायनं त्याच्याकडं बघितलं आणि नुसती थुंकली.

त्यानंतर एके दिवशी अध्यक्ष आमच्या वस्तीवर आले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. मतं मागायलासुद्धा ते माणूस पाठवायचे. मायनं बाज टाकली. ते बसले, आणि ओढ्याकडून वारा आला तसा त्यांनी खिशातून रुमाल काढला.

"वास येतोय व्हय?" मायनं विचारलं. "आमाला रोजचाच हाय."

"त्यासाठीच आलोय," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून अगदी समजुतीनं बोलले. "हे बघा मास्तर. वरून दुसरी समिती यायलीय. तुमी तिला एवढंच सांगा की आमची काय तक्रार न्हाई. मी काय करतो, धाकट्याला कायम करतो. वस्तीला बोअर मारून देतो. आन् तुमच्या नावानं कारखान्याचा शेअर काढून देतो. जमिनीचं मी बघतो, कागदोपत्री करू काहीतरी. एकदा का सभासद झालाव की कारखाना तुमचा बी झाला. मंग भांडण कुणाशी?"

भाऊ दारात उभा होता. 'कायम' हा शब्द त्यानं ऐकला होता. हंगामी माणसासाठी त्याहून मोठा शब्द नाही. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उत्तर देणं जड गेलं असतं.

"अध्यक्ष," मी म्हणालो, "शेअर घेतला की माझाही हितसंबंध तुमच्यासारखा होईल. मग मला पाण्याचा वास यायचा बंद होईल. आत्ता जो आहे तोच बरा आहे. शेअर नको. ओढ्यात पाणी सोडू नका."

"लय ताठा हाय तुझ्यात."

"हाय," माझ्या आधी माय म्हणाली. "मीच शिकवलाय."

ते उठले. जाताना भावाला म्हणाले, "तू तरी समजावून सांग ह्याला."

भाऊ म्हणाला, "माझंच ऐकत न्हाई मालक. तुमचं काय ऐकंल?"

त्या रात्री तो माझ्याशी पुन्हा बोलायला लागला. शिव्या देतच, पण बोलायला लागला.

नवी समिती येणार होती आणि तीत मागासवर्गाच्या जागेवर माझं नाव कायम होतं. मी विचार केला. सदस्य म्हणून गेलो तर नियम मलाही लागणार. मला बाहेर बसावं लागेल, आणि बसायलाच पाहिजे. नियम चांगला होता. वकिलांनी तो वाईट हेतूनं वाचला म्हणून तो वाईट ठरत नाही. ज्याचं त्यात काही आहे त्यानं निकाल देऊ नये, हे मलाही मान्य होतं. पण निकाल द्यायचा नाही म्हणजे बोलायचंच नाही, असं नाही. तक्रारदाराला कुणी बाहेर बसवत नाही. म्हणून मी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. शाळेतले सहकारी म्हणाले, मिळालेली खुर्ची कोण सोडतं? मी म्हणालो, त्या खुर्चीत तोंड बांधून बसावं लागत होतं.

दुसरी बैठक तहसील कचेरीत झाली. जेवण नव्हतं. सदस्य सगळे बाहेरच्या जिल्ह्यांतले. सुरुवातीलाच त्यांच्या प्रमुखांनी एकेकाला विचारलं, तुमचा कारखान्याशी काही संबंध आहे का? एक जण उठून म्हणाला, माझ्या मेव्हण्याचा ऊस इथं येतो. आणि कुणी काही म्हणायच्या आत तो बाहेर जाऊन बसला. मी ते बघत होतो. इतकं साधं असतं ते. त्याला कसलाही कमीपणा आला नाही.

माझ्यासोबत वस्तीतल्या बाया आल्या होत्या. त्या मला विचारून आल्या नव्हत्या. माय सगळ्यांच्या पुढं. प्रमुखांनी तिला विचारलं, "बाई, तुम्हाला काय सांगायचंय?"

माय म्हणाली, "साहेब, ह्यो माझा पोरगा लय बोलतो, त्येचं ऐकलं तुमी. मला येवढंच सांगायचंय, आमी गावाच्या हिरीवर जाणार न्हाई. आमची हाय तीच नीट करून द्या."

मागं बसलेले अध्यक्ष खाली बघत होते. गावातल्या लोकांना तिचं बोलणं बरोबर समजलं. बाहेरच्या साहेबांना कितपत समजलं, माहीत नाही.

हुकूम निघाला. ओढ्यात पाणी सोडायला संमती नाही. कारखान्यानं स्वतःच्या हद्दीत तळी खणून पाणी साठवावं. कारखान्यानं कुरकुरत तळी खणली. कधीमधी ती फुटायचीही, आणि आम्ही पुन्हा अर्ज करायचो. कारखाना बंद पडला नाही, पडेल अशी भीती घालणारे तेवढे गप्प झाले. समितीवर मला पुन्हा कुणी घेतलं नाही. भावाला कारखान्यात पुन्हा कुणी बोलावलं नाही. त्यानं ताडकळसच्या बाजारात बांगड्यांचं दुकान टाकलं, बाजाराच्या दिवशी पाल ठोकून. ते बरं चाललं. पण त्याचं श्रेय मी घेत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही विहीर उपसली. वस्तीतला एकेक माणूस हातभार लावायला आला. तळाशी काळा, चिकट गाळ साचला होता, त्याला आंबलेल्या मळीचा वास. भाऊ दोराला धरून पहिला खाली उतरला. घमेल्यामागून घमेलं वर यायला लागलं. मी काठावर उभा राहून गाळ लांब टाकायला सांगत होतो, म्हणजे पावसात तो परत वाहून आत येऊ नये. खालून भावाचा आवाज घुमत वर आला.

"ओ मास्तर! वर उभं राहून भाषण नका करू! ह्या गाळात तुमचा काय हितसंबंध हाय का न्हाई?"

वस्ती खदाखदा हसली. माय तर पदर तोंडाला लावून हसत होती.

मी सदरा काढला, पँट गुडघ्यावर दुमडली आणि दोर धरला. खाली पाय टेकले तेव्हा गाळ पोटरीपर्यंत आला. भावानं माझ्या हातात घमेलं दिलं आणि म्हणाला, "हं, भर."

पाणी पहिल्यासारखं गोड झालं असं मी म्हणणार नाही. ते कितीतरी दिवस जड लागायचं. पण डाळ शिजायला लागली, आणि आमच्या बायांच्या घागरी आमच्याच काठावर भरल्या गेल्या.